कथेतून उठायचं नाही

आमच्या घरात नियम असे फारसे नाहीत. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो जेवतो, पेपर कुणीही आधी वाचतो, आणि देवव्रत, माझा नवरा, ओला टॉवेल अजूनही पलंगावरच टाकतो. नियम एकच, पण तो मात्र काळ्या दगडावरची रेघ. कथेतून उठायचं नाही.

हा नियम माझ्या सासऱ्यांचा. मुलुंड पूर्वेला त्यांना विद्याधरबुवा म्हणून ओळखतात, घरात आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताचं छोटं देऊळ आहे. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी अण्णांचं कीर्तन असतं, गेली एकेचाळीस वर्षं. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. लग्न ठरलं तेव्हा मी मुलगा एकदा पाहिला होता आणि सासऱ्यांचं कीर्तन तीनदा ऐकलं होतं. देवव्रत म्हणतो, "तू माझ्याशी नाही, अण्णांच्या उत्तररंगाशी लग्न केलंस." खोटं नाही ते. पूर्वरंगात अण्णा चार समजुतीच्या गोष्टी सांगतात. तिथे माझं मन जरा इकडेतिकडे जातं, भाजी काय करायची वगैरे. पण मग उत्तररंगात आख्यान सुरू होतं, चिपळ्या वाजतात, त्यांचा तो किंचित चिरका आवाज वर चढतो, आणि आपण कुठे बसलोय, शेजारी कोण आहे, याचं मला भान राहत नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी शेजारी गार्गी होती. आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. पहिल्या रांगेत, सतरंजीवर, मला चिकटून बसलेली.

अण्णा त्या दिवशी त्यांचं स्वतःचं, त्यांनीच रचलेलं धनगराच्या पोरीचं आख्यान सांगत होते. बाप तापाने आजारी, म्हणून पोर एकटीच मेंढरं घेऊन डोंगरावरून खाली निघाली आहे. वाटेत नदीला पाणी आलंय. खांद्यावर कालचं जन्मलेलं कोकरू, आणि पाणी घोट्यावरून गुडघ्याशी. गार्गीने मला कोपराने ढोसलं. "आई, मला घरी जायचंय." मी तिच्या मांडीवर हात ठेवला. "थांब गं, आता देव येईल." थोड्या वेळाने पुन्हा, "आई, चल ना." मी नुसती मान हलवली, नजर अण्णांवरच. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. उठली, आणि भिंतीला पाठ लावून, पावलं सरकवत दाराकडे गेली.

अण्णांनी चिपळ्या थांबवल्या. "बघा मंडळी. कथेत मन नसलं की पाय आधी उठतात. आणि ही तर बुवाच्या घरातली."

देऊळ हसलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, घरच्यासारखं हसणं होतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला हसण्या-हसण्यातला फरक कुठे कळतो. ती अजून दारातच होती.

तिला पहिली पाळी आली होती. हे मला कळलं ते पाऊण तासाने, म्हणजे आख्यान झालं, आरती झाली, बुक्का लावून झाला, प्रसाद घेऊन मी घरी गेले तेव्हा. ती न्हाणीघरात स्वतःचा फ्रॉक चोळत होती. मी तिला जवळ घेतलं, सगळं समजावलं, गरम दूध दिलं. ती एवढंच म्हणाली, "अण्णांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षं ती अण्णांच्या कीर्तनाला बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. गुरुवारी तिचा क्लास असायचा, मग कॉलेज, मग मैत्रिणीचा वाढदिवस. अण्णांनी दोनतीनदा विचारलं, "आज येतेस का गं?" आणि मग विचारणं सोडून दिलं. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तिने नोकरी धरली तीही थेट हिमालयात, डेहराडूनच्या वर चक्राता म्हणून गाव आहे, त्याच्याही पलीकडच्या एका वीस घरांच्या वाडीत. चुनखडीचे डोंगर आहेत तिथे. वाडीचा झरा आटत चालला आहे, तर त्याचं पाणी मुळात येतं कुठून हे शोधायचं, असं तिचं काम.

"चुनखडी म्हणजे? पानाला लावतो तो चुना?" अण्णांनी विचारलं होतं.

"तोच. फक्त डोंगराएवढा."

"मग कात कुठल्या डोंगराचा असतो ते पण बघून ये," अण्णा म्हणाले. ती जेमतेम हसली.

अण्णा शहात्तरचे झाले. या गुडघेदुखीत ते अजून किती वर्षं उभे राहून गातील, देव जाणे. त्यांच्या कीर्तनाला माझी मुलगी एकदा, फक्त एकदा बसावी, एवढं मी रोज दिवा लावताना मागायचे. माझी समजूत अशी, की राग अण्णांवर आहे.

गेल्या ऑक्टोबरात तिचा फोन आला. "आई, ये ना आठवडाभर. मेंढपाळ वरच्या कुरणांतून खाली यायला लागलेत. उतरले की देवळात त्यांच्या देवाची गोष्ट गाऊन सांगतात. तुला आवडेल."

फोन स्पीकरवर होता. मी बोलावण्याचा आनंद मानेपर्यंत अण्णांनी कपाटावरची बॅग काढली होती. "गाऊन गोष्ट सांगतात? म्हणजे कीर्तनच की. मी येतो."

पलीकडे गार्गी जरा थांबली. मग म्हणाली, "स्वेटर आणा. दोन."

देवव्रतला रजा नव्हती. आम्ही दोघंच निघालो. विमानतळावर अण्णांच्या पिशवीतल्या झांजा आणि चिपळ्या मशीनमध्ये दिसल्या आणि त्या तपासणाऱ्या मुलीने त्यांना बाजूला घेतलं. "काका, ये क्या है?" अण्णांनी तिथेच चिपळ्या वाजवून दाखवल्या. मागच्या रांगेतला एक माणूस टाळ्या वाजवायला लागला. मी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसले, आणि माझ्या बुटाला नाडी नव्हती.

डेहराडूनहून जीपने पाच तास लागले. देवदारांच्या वर ते डोंगर दिसायला लागले तेव्हा अण्णा गप्पच झाले. आपला सह्याद्री काळा, हे राखाडी पांढरे. दगडांना धारदार कंगोरे, मध्येच पाण्याने खाल्लेली भोकं, आणि पठारावर असे खळगे की वरून वाहत आलेला ओहोळ त्यात शिरतो आणि नाहीसाच होतो. गार्गी रस्त्यावर आम्हाला घ्यायला उभी होती. उन्हाने रापलेली, जाड टोपी घातलेली. मला तिने घट्ट मिठी मारली. अण्णांना वाकून नमस्कार केला. नमस्कार अगदी व्यवस्थित होता. पाहुण्याला करतात तसा.

वाडीकडे चालताना एका कातळापाशी अण्णा थांबले. दगडावर एकात एक गोल रेघा, कांदा कापल्यासारख्या. त्यांनी लगेच चपला काढून हात जोडले.

"अण्णा, ते शेवाळाचे थर आहेत," गार्गी म्हणाली. "शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातले."

"समुद्र होता?"

"हो."

"मग समुद्राला नमस्कार," म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले.

देवळासमोर मात्र खरी गंमत झाली. लाकडी, उतरत्या छपराचं छोटं देऊळ, पुढे फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या कडेला कमरेएवढा सपाट पांढरा दगड. त्यावर पांढरी पूड पसरलेली. अण्णांना वाटलं अंगारा. त्यांनी भक्तिभावाने चिमूट घेतली, कपाळाला लावली, उरलेली जिभेवर ठेवली, आणि मलाही दिली. मीही ठेवली. खारट.

गार्गी दगडाला टेकून वाकून वाकून हसत होती. "मेंढ्यांचं मीठ आहे ते. त्यांना चाटायला टाकतात."

अण्णा क्षणभर गोंधळले, मग त्यांनी कपाळ न पुसता सांगितलं, "मग आज मेंढ्यांचा प्रसाद." तेवढ्यात एक कोकरू येऊन त्यांची बोटं चाटायला लागलं. कितीतरी वर्षांनी मी त्या दोघांना एकत्र हसताना पाहत होते. मनात म्हटलं, दत्तगुरू, एवढं केलंस, आता पुढचंही कर.

गार्गी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहते ते सूरतसिंग, सत्तरीचे मेंढपाळ. देवाची गोष्ट गाणारे तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं होतं. त्याआधी त्यांच्या घरी पाहुणचार झाला. चहा, अक्रोड, मोठा गडू भरून ताक, पुन्हा चहा. गुरुवारी अण्णा दुपारी बारानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत, कारण त्या वयातल्या पुरुषांचा नेहमीचा त्रास त्यांनाही आहे, आणि कीर्तन मध्येच सोडून लघवीला जाता येत नाही. पण इथे आपण गाणारे नाही, ऐकणारे, म्हणून ते निर्धास्त पीत राहिले. "नको म्हणणं बरं दिसत नाही," असं मला हळूच सांगून तिसरा पेलाही घेतला.

अंगणात पन्नासेक माणसं असतील. बायका विणत होत्या, पुरुष तकलीवर लोकर कातत होते. खालच्या शेतांत मेंढरांचा नुसता पांढरा पूर. सूरतसिंग देवळाच्या पायरीवर बसले, एकाने ढोल घेतला, आणि गाणं सुरू झालं. मला भाषा कळत नव्हती, म्हणून गार्गीने सगळी गोष्ट आधीच कानात सांगून टाकली. त्यांचा देव लहान मूल असताना धुक्यात हरवला. आई हाका मारतेय, त्याला ऐकू येत नाही. मग एका मेंढीच्या गळ्यातली घंटा ऐकत ऐकत तो डोंगर उतरला. म्हणून या देवळात देवाच्या आधी मेंढीला घास. असं गाणं, मध्ये बोलणं, मग पुन्हा गाणं. अण्णांच्या डोळ्यांना धार लागली. "अगं नीला," ते म्हणाले, "हा तर उत्तररंग आहे, चाल तेवढी वेगळी."

अर्ध्या तासाने ते मांडी बदलायला लागले. पाऊण तासाने कपाळावर घाम. त्या थंडीत. मी ओळखलं. "अण्णा, जाऊन या."

"कथेतून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. आणखी दहा मिनिटं गेली. ते ओठ आवळून, उपरण्याचं टोक मुठीत धरून बसले होते. देव धुक्यात होता आणि अण्णा फारच वाईट परिस्थितीत होते.

गार्गी माझ्या पलीकडून उठली. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "अण्णा, उठा."

"अगं, मध्येच कसं..."

"मी आहे ना. चला."

तिने त्यांना धरून उठवलं, आणि दोघं सगळ्यांच्या मधून अंगण ओलांडून गेली.

गाणं थांबलं. ढोलाची नुसती एक थाप, मग बऱ्याच वेळाने दुसरी. मला वाटलं, आता सूरतसिंग काहीतरी बोलणार. अण्णांना, म्हातारपणी, परक्या गावात. पण ते काहीच बोलले नाहीत. लोकर कातणारे कातत राहिले, शेजारच्या म्हातारीने टाके मोजले, एक बाळ रडलं, त्याला कुणीतरी अक्रोड दिला. दहा मिनिटं तरी झाली असतील. गार्गी अण्णांना घेऊन परत आली.

अण्णा बसले नाहीत. अंगणाच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, गाणं आपल्याला शिक्षा म्हणून थांबलंय. "माफ करना, महाराज. मैं बीच में उठा. हमारे इधर भी ये चलता नहीं."

सूरतसिंगांना काही कळेना. "माफ़ी काहे की, पंडितजी? आप चले गए थे, तो हम आगे कहाँ जाते?"

मग गार्गीने विचारून घेऊन आम्हाला सांगितलं. इथली रीतच तशी. ऐकणारे सगळे मेंढपाळ. गाणं चालू असताना कुणाची मेंढी व्यायला येते, कुणाचं कोकरू कड्यावर अडकतं, कुणालातरी उठावंच लागतं. मजा म्हणून कुणी उठत नाही. मग जो उठला त्याच्या वाट्याचा देव त्याने का गमवावा? म्हणून तो येईपर्यंत गोष्ट आहे तिथेच थांबते. एकदा एकजण संध्याकाळी गेला तो दुसऱ्या दिवशी उगवला. तेव्हा गोष्ट दुसऱ्या दिवशी पुढे गेली.

"बैठिए," सूरतसिंग म्हणाले. "बच्चा अभी धुंध में ही है." आणि पुन्हा सूर लावला.

अण्णा खाली बसले. पुढचं गाणं त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. ते गार्गीकडे पाहत होते.

रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी मी उठले तेव्हा ते मिठाच्या त्या दगडावर ऊन खात बसलेले, आणि गार्गी शेजारी तिच्या बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावत होती. परवा तिने पठारावरच्या एका खळग्यात हिरवा रंग सोडला होता. तो रंग कुठल्या झऱ्यातून बाहेर येतो, हे बघायला दिवसभर दर दोन तासांनी खाली जाऊन बाटली भरायची असते. मी चहा घेऊन गेले.

"गार्गी," अण्णा म्हणाले, "त्या दिवशी तू का उठली होतीस?"

कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. चिकटपट्टी दाताने तोडली. "पाळी आली होती, अण्णा. पहिली."

खालून मेंढरांचा आवाज येत होता. अण्णा म्हणाले, "आणि मी तुला कीर्तनाच्या गादीवरून हसलो."

"हो."

"मी चुकलो, बाळ. हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी तर समजलो, तुला देवाचं वावडं आहे." मग माझ्याकडे वळून, "नीला, तुला माहीत होतं?"

"घरी गेल्यावर कळलं," मी म्हटलं. "तिनेच सांगू नको म्हटलं होतं." आणि मला वाटलं, झालं, सुटली एकदाची गाठ. मी डोळे पुसून म्हणाले, "आता अण्णांवरचा राग सोड गं."

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती. तेच जास्त लागलं. "अण्णांवर राग वर्षभर होता. ते लांब उभे होते, त्यांना काय कळणार? तू शेजारी होतीस, आई. मी तुला दोनदा म्हटलं."

मी चहाचा पेला धरून उभी राहिले.

"मला वाटलं, तू मागून येशील. मी दारात थांबले होते. तू त्यांच्याकडे बघत होतीस. नदीला पूर आला होता ना."

कथेतून उठायचं नाही, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले होते. पण त्या दिवशी मी नियमासाठी बसले नव्हते. मला पुढे काय होतं ते ऐकायचं होतं. आणि तेही मला पाठ होतं.

अण्णांनीच विचारलं, "ती पोर तेव्हा कुठे होती?"

"कुठली पोर?"

"आख्यानातली. तू उठलीस तेव्हा."

"पाण्यात. गुडघाभर. पुढे काय झालं मला माहीत नाही, मी कधी ऐकलं नाही."

"म्हणजे नऊ वर्षं थंड पाण्यात उभी आहे ती," अण्णा म्हणाले. "कोकरू घेऊन. बाहेर काढायला हवं तिला." आणि घरी चिपळ्या आणायला गेले.

अंगणात अण्णा उभे राहिले, गळ्यात उपरणं, दोन स्वेटर. चिपळ्या वाजल्या तशा आठदहा मेंढ्याच आधी धावत आल्या, मिठाची वेळ झाली समजून. मग माणसं आली. सूरतसिंग पायरीवर बसले. पेटी नाही, तबला नाही, ढोलवाल्याने ठेका धरला. मी आणि गार्गी पुढे बसलो.

अण्णांनी पूर्वरंग केलाच नाही. थेट नदीच्या मधोमध सुरुवात केली, आणि ती हिंदीत. "तो वो लडकी पानी में खडी है. खांदे पर बकरी का बच्चा है."

"भेड़ का," गार्गी म्हणाली.

"भेड का. और पानी ऊपर आ रहा है, और वो देव को बुलाती है..."

"क्यों बुलाती है?" सूरतसिंगांनी मध्येच विचारलं. "बूढ़ी भेड़ को आगे करे. वो रास्ता जानती है."

"लड़की को अक़ल नहीं," मागून एक म्हातारी बोलली. "बच्चे को कंधे पर क्यों रखा? माँ भेड़ को दिखाती, माँ पीछे-पीछे आती."

एकेचाळीस वर्षांत अण्णांना कीर्तनात असं कुणी अडवलं नव्हतं. ते कमरेवर हात ठेवून ऐकत राहिले, चेहरा हळूहळू फुलत गेला. "बराबर," ते म्हणाले. "बिलकुल बराबर. तो उस लडकी ने बूढी भेड को आगे किया." आणि तिथल्या तिथे चार ओळी रचून गायले, मराठीतच. गार्गी त्यांचा अर्थ लोकांना सांगत होती, चुकीचं सांगितलं की अण्णा डोळे वटारत होते, आणि ती मुद्दाम आणखी चुकीचं सांगत होती. माझं मागणं पुरं झालं होतं. मुलगी कीर्तनाला बसली होती. अण्णांचा आवाज वर चढत होता, म्हातारी मेंढी पाण्यात उतरली होती, आणि पलीकडच्या काठावर धुक्यात कुणीतरी उभं होतं.

गार्गीचं घड्याळ वाजलं. अकरा. बाटलीची वेळ. तिने पिशवी खांद्याला लावली, मला खुणेने सांगितलं, तू बस, मी येते. आणि वाकून, कडेकडेने निघाली.

पलीकडच्या काठावर कोण उभं होतं ते मला पाठ होतं, पण या नव्या मेंढीसकट मला ते ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. मी जमिनीला हात टेकला आणि उठले. गुडघे कटकन वाजले, सगळ्यांनी वळून पाहिलं. अण्णांनीही. ते गाता गाता थांबले. बोलले काही नाहीत. फक्त चिपळ्यांची एक टक्, मग जरा वेळाने आणखी एक.

गार्गी पायवाटेवर बरीच खाली गेली होती. मागून दगड घरंगळले तशी वळली. "तू कशाला उठलीस? आता देव येणार ना?"

"येईल. थांबलेत ते."

पुढच्या उतारावर तिने हात मागे केला, मी तो धरला.

झरा म्हणजे कातळाच्या फटीतून पडणारी मनगटाएवढी धार. तिने बाटली भरली, उन्हात धरली.

"आला रंग?"

"नाही. नुसतं पाणी. पुन्हा एक वाजता बघायचं." तिने बाटलीवर वेळ लिहिली आणि ती माझ्या हातात दिली. पाणी इतकं गार होतं की बोटं दुखली. वर देवळाशी चिपळी वाजली, पुन्हा शांत झालं. ती परत वळायला लागली तेव्हा मी एका दगडावर बसले.

"दम लागला?"

"नाही. त्या दिवशी देवळातून निघालीस ती घरी कशी गेलीस, ते सांग."

"आत्ता? आई, पन्नास माणसं खोळंबली आहेत वर."

"खोळंबू देत."

तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी बसली. जरा वेळ टाचेने माती उकरत राहिली.

"मागच्या गल्लीने गेले," ती म्हणाली. "पुढे रिक्षावाले उभे होते म्हणून. जिन्यात वरच्या सुगंधाकाकू भेटल्या. त्या वर जाईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. त्यांनी विचारलं, संपलं का गं कीर्तन? मी हो म्हटलं."

"मग?"

"मग किल्ली सापडेना," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.